मापावरची शीग

मी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि नागूअण्णांच्या मापावर चढलेली पावडरीची शीग एका फटक्यात सपाट केली. वरची पावडर पोत्यात परत पडली, धुरळा उडाला आणि आम्ही दोघंही खोकत बसलो.

"हे असं मोजायचं," खोकला थांबल्यावर मी म्हणाले. "काठोकाठ. वर डोंगर कशाला हवा?"

नागूअण्णांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"बाई, काल होळी झाली."

"मग?"

"होळी पेटली की शीग लावायची, गौरी उठल्या की काट मारून सपाट भरायचं. आमच्या म्हाताऱ्यानं सांगून ठिवलंय."

"अण्णा, हे पाण्याचं औषध आहे. सणवार बघून घालायला हा काय देवीचा नैवेद्य आहे?"

ते हसले. मीही हसले. पण मी ती फूटपट्टी पोत्याशेजारीच ठेवून दिली.

माझं वय तेव्हा तेवीस. खडकवणे नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी पहिलीच केमिस्ट. माझ्याआधी तिथं केमिस्ट नावाचा प्राणी कुणी पाहिलाच नव्हता. सगळा कारभार नागू कोळी यांच्या हाती होता. त्यांच्या आधी तो त्यांच्या वडिलांच्या हाती, आणि त्याच्याही आधी, गावात नळ नव्हते तेव्हा, त्यांचे आजोबा कावडीनं घरोघर पाणी घालायचे. ब्लीचिंग पावडर मोजायला त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक लाकडी शेराचं माप होतं, तोंडाला पसरट आणि पावडरीनं पांढरं पडलेलं. सकाळी चार मापं, संध्याकाळी चार. बादलीत कालवायचं, निवळी टाकीत सोडायची, की झालं खडकवण्याचं पाणी शुद्ध. पहिल्या दिवशी हे बघून मला हसू आलं आणि ते मी दाबलंही नाही.

मी तक्ता केला. अजूनही त्याचं मला अंधुकसं कौतुक वाटतं, म्हणजे खोड किती जुनी असते बघा. पाण्यात घातलेला क्लोरीन तिथं बसून राहत नाही. घाण खाता खाता, जंतू मारता मारता, पाइपाच्या लोखंडाशी झगडता झगडता तो स्वतःही मरत जातो. टाकीतून निघालेलं पाणी गावाच्या शेवटच्या नळाला पोचायला आठ तास लागायचे, आणि तिथंही थोडा क्लोरीन जिवंत उरला पाहिजे असा नियम. किती वेगानं तो मरतो हे काढायला मी जानेवारीत एका तपकिरी बाटलीत आमचंच पाणी भरून ठेवलं आणि दर तासाला तपासलं. आठ तासांत निम्म्याहून थोडा जास्त गेला. मग पावडरीच्या पोत्यावर छापलेली ताकद, शेकडा तेहतीस, धरून उलटा हिशेब केला. रोज सहा किलो. सकाळी तीन, संध्याकाळी तीन. शेवटच्या नळाला क्लोरीन उरणार लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम. तीन रंगांच्या शाईत तो तक्ता काढून मी भिंतीवर लावला, आणि फूटपट्टीच्या प्रकारानंतर आठवड्याभरात तराजूही मागवला. शेराचं माप खिडकीत जाऊन बसलं.

"तक्त्याबाहेर एक चिमूटही जाता कामा नये," मी म्हणाले.

"न्हाई जायची," नागूअण्णा म्हणाले. "तुमी शिकल्यासवरल्याली मान्सं. माजा शबूद."

जूनमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती. वडील गेल्यापासून आई आणि धाकटा भाऊ माझ्यावर होते, आणि सांगलीच्या त्या एका खोलीत माझ्या नोकरीवरच सगळ्यांचे डोळे लागलेले होते. दर उन्हाळ्यात टाकीच्या पायथ्याच्या कॉलनीतून तक्रार यायची की चहाला दवाखान्याचा वास येतो. त्या वर्षी ती आली नाही. मुख्याधिकाऱ्यांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं, की माळवदेबाईंनी पाणी शास्त्रावर आणलं. पुढचे आठ दिवस माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्या आठ दिवसांतच मी नागूअण्णांना विचारलं, "रोज अकरा ते एक तुम्ही असता कुठं?"

"खाणीवर. शेवटच्या नळाला."

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला दगडाची खाण होती, आणि खाणीला लागून तीस-पस्तीस घरं. तिथं पाइप पुरायला माती नव्हती, म्हणून शेवटचा मैलभर तो एक ओढा ओलांडून उघड्या खडकावरूनच गेला होता. नागूअण्णा रोज सायकलवर तिथं जाऊन नळाचं पाणी तपासायचे. तपासणी साधी असते. नळीत पाणी घ्यायचं, ओ.टी. नावाच्या औषधाचे पाच थेंब टाकायचे. क्लोरीन असला तर पाणी पिवळं होतं, जास्त असला तर जास्त पिवळं. नसला तर पाणी होतं तसंच राहतं.

"आता रोज जायची गरज नाही, अण्णा. तिथं किती उरतं ते तक्त्यात आहे."

"तिथं वड्यावरचा जोड गळतोय, बाई. पाणी बंद झालं की वड्याची घाण आत वढतीया. वास शेवटापतूर पोचाय पायजे."

"पोचतो. आकडा लिहिलाय ना समोर."

"आकडा बगितला म्या," ते म्हणाले. "पर तक्त्याला नाक न्हाई."

मला राग आला. खरं तर बोलणं गमतीचं होतं आणि मी ते गमतीतच घ्यायला हवं होतं.

"आणि तिथं चहा कोण देतं तुम्हाला?"

"अनुसया देती. तिच्या दारातच हाय नळ."

"मग चहापायी चार मैल सायकल मारता, असं सरळ सांगा की."

नागूअण्णांचा चेहरा उतरला. साठीला टेकलेला माणूस, सहा-आठ महिन्यांत निवृत्त व्हायचा, आणि मी त्याला पाइपच्या दोन फिटरांसमोर हे बोलले. दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. ओ.टी.ची बाटली त्यांनी धुऊन पुसून माझ्या कपाटात ठेवली.

केंद्राच्या रजिस्टरात 'शेवटचा नळ' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता. मी तक्त्यातला आकडा तिथं लिहायला लागले. ०.३. रोज ०.३. हे लिहिताना मला खोटं केल्यासारखं वाटत नव्हतं, तेही सांगून टाकते. गणितानं आलेला आकडा नळीतल्या रंगापेक्षा खरा, असं मला मनापासून वाटायचं. केंद्रातल्या टाकीचं पाणी मी स्वतः रोज तपासत होते आणि ते पिवळं येत होतं. एप्रिलनंतर जरा फिकं यायला लागलं, पण पिवळं होतं. फिकेपणाचा दोष मी ओ.टी.च्या जुन्या बाटलीला दिला.

मे महिन्यात, भर दुपारी, अनुसया केंद्रावर आली.

तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तीस-बत्तीसची, काटक, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर छिन्न्यांचं गाठोडं. खाणीतल्या छिन्न्यांना धार लावायला ती लोहाराकडे आली होती आणि लोहाराचं घर केंद्राच्या वाटेवर होतं.

"आण्णा, जित्तं हाय का बघाय आली," दारातूनच ती म्हणाली. "म्हैना झाला, फिरकला न्हाईसा. च्याचा कप तसाच उपडा पडलाय."

नागूअण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसते हसले. मी तिला बस म्हटलं, माठातलं पाणी दिलं. ती घटाघटा प्याली, तोंड पुसलं.

"ह्याच का नव्या बाई? बाई, तुमचं लई उपकार. आदी पानी निस्तं दवाखान्यागत लागायचं. प्वारं तोंड वाकडं करायची. आता कसं ग्वाड झालंय."

"गोड?" मी विचारलं. मला अगदी गुदगुल्या झाल्या.

"साकरंवानी. आता ऊन लई, पानी नळातनं चटकं देतंय, हात धरवत न्हाई खाली. पर रातभर माठात ठिवलं की ग्वाडगट्ट."

मी नागूअण्णांकडे विजयानं बघितलं. बघितलात ना, असं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं होतं.

"ग्वाड कवापास्नं लागतंय, अनू?"

"झालं की पंधरा-ईस दिस."

"बाई," नागूअण्णा माझ्याकडे वळले, "ग्वाड लागाय नको. मला येक डाव जाऊन यिऊ द्या. निस्तं थेंब टाकून येतो."

"अण्णा, लोकांना गोड पाणी मिळालं तर तुमच्या पोटात का दुखतं?"

अनुसया हसली. तिला वाटलं, आमची रोजची थट्टामस्करी चालली आहे. ती जायला निघाली तेव्हा नागूअण्णा फाटकापर्यंत गेले आणि तिला काहीतरी सांगत राहिले. मागाहून मला कळलं ते सांगणं: पाणी उकळून पी. तिनं विचारलं होतं, एवढं ग्वाड पानी उकळून कशाला जाळू? खाणीवर सरपण विकत घ्यावं लागतं.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून निरोप आला. खाणीवरचे अकरा जण जुलाब-उलट्यांनी आणलेत. दुपारपर्यंत चाळीस झाले. मी रिक्षा करून खाणीवर गेले तेव्हा नागूअण्णांची सायकल आधीच अनुसयाच्या दारात उभी होती. घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. भिंतीशी धार लावलेल्या छिन्न्या ओळीनं टेकवून ठेवलेल्या होत्या आणि माठावर झाकण होतं.

"कुठंय ती?"

"दवाखान्यात. सलायन लावलंय." नागूअण्णांनी माझ्या हातातून नळी घेतली, नळाखाली धरली, भरून मला परत दिली. पाणी खरंच कढत होतं. काचेतूनही बोटांना जाणवत होतं.

मी पाच थेंब टाकले. नळी हलवली आणि उजेडाकडे धरली. मनात दहा मोजले, मग वीस मोजले. पाणी होतं तसंच राहिलं. मी आणखी दोन थेंब टाकले, नियमात नसताना. काही झालं नाही.

आम्ही दोघं त्या नळीकडे बघत उभे होतो. मला वाटलं, आता हा माणूस मला बोलेल. बोलावं असंच वाटत होतं.

"बाई," ते म्हणाले, "आज शीग लावू का?"

परवानगी विचारत होते. त्यांच्या शब्दाला ते अजून बांधलेले होते.

"लावा," मी म्हणाले.

अनुसया दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. त्याआधी एक म्हातारा गेला होता आणि तिच्यामागून एक आठ महिन्यांचं पोर. बाकीचे वाचले. अनुसयाला दवाखान्यात बघायला मी गेले नाही. जायला निघाले होते, पण दाराशी खाणीवरची माणसं बसलेली दिसली आणि मी परत फिरले.

त्या संध्याकाळी केंद्रावर एकटी असताना मी पोती मोजली. तराजू आला त्या दिवसापासूनचा साठा, वापर, शिल्लक. फोडलेलं पोतं तराजूवर ठेवून जोखलं. शीग लावलेल्या दोन दिवसांची पावडर बाजूला काढली तर हिशेब काटेकोर जुळला. साठ-पासष्ट दिवसांत किलोभराचाही फरक नव्हता. नागूअण्णांनी खरंच एक चिमूटही इकडची तिकडं केली नव्हती. मी सांगितलं तेवढंच, रोज, तोलून. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आठवड्यानं चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. माझ्याच टेबलामागे बसले, रजिस्टर उघडलं. बारीक चष्म्याचे, शांत गृहस्थ होते. मला त्यांनी खुर्ची दिली. नागूअण्णा उभे होते.

साहेबांनी भिंतीवरचा तक्ता बराच वेळ बघितला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"छान आहे. आकडेमोड बरोबर आहे. जिल्ह्यात एवढं कुणी करत नाही." मग रजिस्टरातल्या रकान्यावरून बोट फिरवत ते खाली आले. "शेवटच्या नळाला रोज ०.३ आहे. साथ सुरू झाली त्या दिवशीसुद्धा ०.३. आणि दवाखान्यानं नमुना घेतला तर शून्य. हे कसं?"

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात साहेब नागूअण्णांकडे वळले.

"खाणीवर तपासायला कोण जायचं? तू?"

"जात हुतो, सायेब."

"आणि ०.३ यायचं?"

नागूअण्णांना आकडे वाचता यायचे. ते पुढे वाकले, त्यांनी रकाना बघितला. महिना-दीड महिन्याचे आकडे, एकाखाली एक, माझ्या अक्षरात. त्या दिवसांत ते खाणीवर गेलेच नव्हते हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गातल्या मुलाला उत्तर येत असतं आणि मास्तर वाट बघतो, तसं. मी नजर खाली घेतली.

"बाईनी लिवलंय म्हंजे आसंल," ते म्हणाले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग खिडकीतलं लाकडी माप त्यांना दिसलं.

"हे काय?"

"आमच्या म्हाताऱ्याचं शेराचं माप, सायेब. आदी ह्यानं मोजायचो."

"आदी म्हणजे? आता नाही?"

"आता तराजू. सकाळी तीन किलू, सांजच्याला तीन."

"रोज? तोलून? एवढा शिस्तीचा तू?" साहेब हसले. फिटर बाहेर उभे होते, तेही हसल्यासारखे झाले. मग साहेब माझ्याकडे वळले. "माळवदेबाई, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतात का, हा रोज तीन-तीन किलो टाकतो म्हणून?"

सकाळची पावडर नागूअण्णा सहाला घालायचे आणि मी दहाला यायचे. संध्याकाळचीही ते सहाला घालायचे आणि मी साडेपाचला निघायचे. प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ होतं. मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये तो घडी केलेला कागद होता. समोर जून महिना होता.

"नाही," मी म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, टोपण लावलं आणि वही मिटली. एका शब्दात काम झालं. मी खोटं बोलले नव्हते, म्हणून तर ते इतकं सोपं गेलं.

तीन दिवसांनी नागूअण्णांना कामावरून कमी केल्याचा हुकूम आला. औषधाची मात्रा कमी टाकून निष्काळजीपणा केल्याबद्दल. ताबा द्यायला ते सकाळी आले, धुतलेला सदरा घालून. किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. कोणती किल्ली कशाची ते एकेक करून सांगितलं. वाळूच्या गाळणीची झडप कुठं अडकते, पंपाचा आवाज कसा झाला की बंद करायचा, सगळं. मी लिहून घेत होते, म्हणजे वर बघावं लागत नव्हतं.

मग त्यांनी खिडकीतलं माप उचललं, फडक्यानं पुसलं आणि किल्ल्यांशेजारी ठेवलं.

"हे तुमचं आहे, अण्णा. घरी न्या."

"घरी काय करू? जुंदळं मोजू?" फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. "बाई, चूक माजीच हाय."

मी वर बघितलं.

"अनू ग्वाड म्हणाली, तवाच मला कळलं हुतं. तवाच येक मूठ जादा टाकाय पायजे हुती. तुमास्नी न सांगता. पर शबूद दिल्याला. म्या तुमचं आयकलं." ते दाराकडे वळले. "आयकाय नको हुतं."

ते गेल्यावर मी तिथंच बसून रडले, पण रडण्यानं माझं काही बिघडलं नाही आणि त्यांचंही काही सुधारलं नाही.

जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. आईनं पेढे वाटले.

त्याआधी, मे संपायच्या आत, मी एक काम केलं होतं. तपकिरी बाटली पुन्हा काढली. या वेळी ती प्रयोगशाळेच्या गार कोपऱ्यात ठेवली नाही, खाणीवरच्या खडकावर, पाइपाला खेटून ठेवली. जानेवारीत निम्मा मरायला जवळजवळ आठ तास घेणारा क्लोरीन तिथं तीन तासांत निम्मा झाला. मग पावडर तपासली. पत्र्याच्या खोलीत, चार महिने उन्हात तापलेली पोती. पोत्यावर छापलं होतं तेहतीस. निघाली सत्तावीस. म्हणजे औषध कमजोर पडलेलं आणि मरणही घाईचं. मी हिवाळ्याचं गणित उन्हाळ्याला लावलं होतं. शाळेतल्या पोरानंही विचारलं असतं, की बाई, ऊन कुठं धरलंय यात?

नवा हिशेब मांडला. पाणी शेवटचे चार-सव्वाचार तास उघड्या पाइपात असतं हे धरून, खाणीवर नियमापुरता ०.२ उरवायचा तर उन्हाळ्यात रोज किती पावडर हवी? आठ किलो नऊशे ग्रॅम आली.

कागद बाजूला ठेवून मी शेराचं माप घेतलं. पोत्यात बुडवलं, नागूअण्णा लावायचे तशी शीग लावली आणि तराजूत ओतलं. असं आठ वेळा. सकाळची चार, संध्याकाळची चार. काटा आठ किलो आठशेवर थांबला. मग आठ मापं काट मारून भरली. सहा किलो चारशे. माझ्या हिवाळ्याच्या सहा किलोंच्या वर थोडीशीच, म्हणजे चुकलंच तर सुरक्षित बाजूला. होळी ते गौरी एक माप, गौरी ते होळी दुसरं. कुणा अडाणी म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी नाकानं आणि जिभेनं हे ठरवलं होतं, आणि मी ते फूटपट्टीनं सपाट केलं होतं.

हाही कागद मी पर्समध्ये ठेवला. आता तिथं दोन कागद झाले.

पुढच्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी मी नागूअण्णांच्या घरी गेले. वर्षभर जाईन जाईन म्हणत होते. जाताना रस्ताभर एकच वाक्य घोकत होते: 'अण्णा, तुम्ही तीन किलोच टाकत होता, हे मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही.' एवढंच बोलायचं, मग ते म्हणतील ते ऐकायचं. दोन्ही कागद बरोबर घेतले होते.

घर नदीकडेच्या कोळीवाड्यात होतं. नागूअण्णा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. वाळले होते फार. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं.

"या बाई, या. भर उनाची आलासा." त्यांनी आत हाक दिली, "सूनबाई, पानी आण गं."

सुनेनं तांब्या आणि पेला आणून ठेवला. नागूअण्णांनी पेला भरला. माझ्यासमोर धरण्याआधी तो त्यांनी नाकाशी नेला आणि डोळे मिटून हळूच वास घेतला. वर्षभर कामावर नव्हते, पण हात आपसूक गेला असावा.

"शीग लावली जनू," ते म्हणाले.

"काल संध्याकाळपासून लावली. तुमच्याच मापानं."

"आन् खाणीवर?"

"मी स्वतः जाते. रोज अकराला."

"झ्याक." त्यांनी पेला पुढं केला. "वास हाय. प्या बाई."

मी प्यायले. पाण्याला दवाखान्याचा उग्र वास होता, पार घशापर्यंत. पेला खाली ठेवला तेव्हा ते वाक्य अगदी ओठांवर होतं. नागूअण्णांनी पुन्हा तांब्या उचलला.

"आनिक घ्या. ऊन लई हाय."

मी आणखी एक पेला प्यायले आणि उठले. पर्स उघडलीच नाही.

त्याच वर्षी, गौरी उठल्या त्या आठवड्यात, ते गेले. मी पुढं एकतीस वर्षं नोकरी केली. कितीतरी गावांच्या पाणी सोडणाऱ्यांना मी उन्हाळ्याची मात्रा शिकवली, प्रत्येक ठिकाणी नागू कोळी यांचं नाव घेऊन शिगेची गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट मी नेहमी मापापाशी संपवत आले. पुढचं आज पहिल्यांदा लिहिते आहे. नागूअण्णा रोज सकाळी तीन किलो आणि संध्याकाळी तीन किलो टाकत होते. तोलून टाकत होते. मला माहीत होतं.